तिसरा खटका

मु. सेलू
रविवार, दि. १० फेब्रुवारी १९७४, दुपारी

आदरणीय दाजी आश्रुबा गुरुजी यांना सेलूहून सूर्यभानचा सप्रेम जयभीम.

अक्काचा गुडघा कसा आहे, तुमचा सकाळचा खोकला बसला का, आणि मी करून दिलेलं शेवयाचं यंत्र नीट चालतंय ना, हे तीन प्रश्न आधी. (तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे. ते चालतच असणार.) इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मला सोडून सर्व खुशाल आहेत. पुढचं वाचून, हा माणूस घाबरट निघाला, असं तुमचं मत होण्याआधी मागच्या दोन वर्षांत मी स्वतःच्या हातानं काय काय केलं ते मांडतो, म्हणजे तोलताना दुसऱ्या पारड्यातही काही पडेल. कॉलेजची घंटा केली, रेल्वेच्या रुळाच्या सव्वा फुटी तुकड्याची (तुकडा लिलावात घेतलेला आहे, पावती आहे). लायब्ररीसाठी स्टूल केलं, ते उलगडलं की पाच पायऱ्यांची शिडी होते. सायन्सच्या मुलांसाठी सायकलच्या डायनॅमोवर फिरणारा पंखा केला. त्यात पायडल मारणारा घामाघूम होतो आणि वारा बाकीच्यांना लागतो, पण तत्त्व बरोबर आहे. नाटकाच्या पडद्याच्या कप्प्या केल्या, आता पडदा मध्येच अडकत नाही. दोन फुटी पोलादी पट्टी केली, ती दुकानातल्या पट्टीपेक्षा अर्ध्या सुतानं वेगळी भरते (चूक दुकानातल्या पट्टीची आहे, मी आणखी तीन पट्ट्यांशी ताडून पाहिलं). आणि सर्वांत शेवटी शेलापागोट्यांची पेटी केली. बाकीच्या वस्तूंचं या पत्रात काही काम नाही. पेटीचं आहे. ती पेटी केली तो दिवस मला परत मिळाला तर मी त्या दिवशी अंथरुणातच पडून राहीन.

तुम्हाला हे माहीत आहे की आमच्या कापसाच्या जिनिंगला रविवारी सुट्टी असते आणि माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉलेजची मुलं येतात. पण हे सुरू कसं झालं ते मी नीट कधी लिहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी प्रिन्सिपॉल साहेब स्वतः एक बिघडलेला सूक्ष्मदर्शक धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. तो मी पाऊण तासात दुरुस्त केला. साहेब तेवढा वेळ माझ्या हातांकडे बघत उभे होते (खुर्ची दिली होती, बसले नाहीत). मग म्हणाले की आमची मुलं तास संपला की पारावर बसतात, नाहीतर स्टेशनवर जाऊन गाड्या मोजतात. वर्गात जे आम्हाला देता येत नाही ते तुमच्याकडे आहे, त्यांना रविवारी येऊ द्या. त्याला त्यांनी हस्तकौशल्य मंडळ असं नाव दिलं. आज मंडळात चौदा जण आहेत, अकरा मुलं, तीन मुली. तुमचा विद्यार्थी चंद्रभान आला तेव्हा दोन माणसांसमोर बोलायचं झालं तरी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी बोलायचा. पडद्याच्या त्या कप्प्या बसवताना त्याला वर मचाणावरून खालच्या आठ जणांना ओरडून सांगावं लागलं, आणि तिथं त्याचा आवाज फुटला तो फुटलाच. यंदा तो निवडून येऊन स्नेहसंमेलनाचा सचिव झाला. दुसरी रुख्मिणी. तिची आई सगुणाबाई आमच्याच जिनिंगमध्ये कापसातली कवडी (किडका, डागी कापूस) वेचते. पोरगी सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला उपकरणं मुलं हाताळायची आणि ही बाजूला उभी राहून आकडे लिहून घ्यायची. मी पहिल्या दिवशी तिच्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा तुकडा चौकोनी कर म्हणालो. सगुणाबाई तीन रविवार दारात उभी राहून बघत होती, इथं पोरींना नेमकं काय शिकवतात म्हणून. चौथ्या रविवारी ती मोडका स्टोव्ह घेऊन आली.

आता भीतीची सुरुवात. मंडळ सुरू झालं तेव्हा संस्थेला पाठवायला एक फॉर्म भरायचा होता. नाव लिहिलं. वय पंचेचाळीस लिहिलं. अनुभव एकतीस वर्षं लिहिला आणि त्याला एक पुरवणी पान जोडलं. त्यानंतर 'शिक्षण' असा रकाना आला आणि माझा हात थांबला. समोर क्लार्क पान खात बसला होता, त्याला घाई होती. दाजी, मी तिथं 'मॅट्रिक' लिहिलं. लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण अर्धवट माहिती मला बघवत नाही, म्हणून पुढे कंसात '(हैदराबाद)' लिहिलं आणि त्यापुढे १९४३. खोटं लिहितानासुद्धा माझ्याकडून तपशील सुटत नाही, हा माझा स्वभावदोष आहे. (घरी आल्यावर लक्षात आलं की त्याच फॉर्मवर मी १९४१ पासून सेलूच्या जिनिंगमध्ये आहे. म्हणजे दोन वर्षं मी एकाच वेळी इथं पट्टा बदलत होतो आणि हैदराबादला भूमिती करत होतो. हे अजून कुणी पाहिलेलं नाही. रोज सकाळी उठल्यावर मला वाटतं, आज कुणीतरी बघेल.)

खरं काय ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, एक मी आणि दुसरे तुम्ही. बोरीच्या शाळेच्या ओसरीवर आपण दोघं बाहेर बसायचो, आतलं ऐकू येईल तेवढं शिकायचो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, मास्तर जेवून झोपले होते. मी चढलो, तुम्ही स्टूल धरलं. लंबक आकड्यातून सुटला होता, तो मी बसवला, आणि त्याच्या टिकटिकीनं मास्तर जागे झाले. मार बसला तो घड्याळ बिघडवलं म्हणून नव्हे, शिवलं म्हणून. तुम्ही पळालात, म्हणून तुम्ही गुरुजी झालात. मी वर होतो, म्हणून मिस्तरी झालो. ती माझी तिसरी. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. पुढचं सगळं वाचणं मी रुईच्या गाठींवरचे शिक्के आणि औषधांच्या बाटल्यांवरून शिकलो. याची मला लाज नाही असं मी मनात शंभर वेळा म्हटलंय. रकाना समोर आला की म्हणता येत नाही.

शेलापागोटे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण आपल्या काळात नव्हते. स्नेहसंमेलनाच्या आधी मुलं एकमेकांवर आणि प्रोफेसरांवर चिमटे काढणाऱ्या चिठ्ठ्या लिहितात, खाली नाव घालत नाहीत, पेटीत टाकतात, आणि संमेलनाच्या दिवशी त्या सगळ्या गावासमोर वाचतात. हल्ली मुलं फिशपाँड म्हणतात. गेल्या वर्षी चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या, कुणीतरी आपल्यावरची चिठ्ठी आधीच लांबवली आणि हाणामारी होता होता राहिली. म्हणून साहेबांनी मला यंदा अशी पेटी करायला सांगितली की तिच्यातून काही चोरीला जाणार नाही. एवढं वाक्य मला पुरतं. सागाची पेटी, चौदा बाय दहा बाय नऊ इंच, दातात दात बसवलेले सांधे, बाहेरून एक खिळा नाही. वर चिठ्ठी टाकायची फट दोन सूत (पाव इंच), आणि फटीखाली पत्र्याची उतरती जीभ, म्हणजे कागद आत जातो पण मागे येत नाही. कुलूप माझ्याच बेताचं, आत तीन खटके, तिन्ही एकदम उचलले गेले तरच उघडणार. किल्ली एकच, साहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात. किल्लीचा साचा मी सगळ्या मंडळासमोर ऐरणीवर ठेवून ठेचला आणि मोठ्यानं म्हणालो की आता ही पेटी किल्लीशिवाय खुद्द मलासुद्धा उघडत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही थोड्या वाजवल्या.

संक्रांतीला चंद्रभान बोरीला गेला आणि मंगळवारी परत आला. अक्कानं दिलेला तिळगूळ त्यानं माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "काका, आश्रुबा गुरुजींनी तुमच्या शाळेच्या लय गोष्टी सांगितल्या. त्या घड्याळाची बी." असं म्हणून तो हसला. मग माझ्याच बाकावर बसून, माझीच लाल-निळी पेन्सिल घेऊन त्यानं एक चिठ्ठी लिहिली, चार घड्या घातल्या आणि निघाला. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाला, "ते संमेलनात कळल की." दाजी, तिळगूळ माझ्या घशात तिथंच राहिला. तो अजून पूर्ण खाली गेलाय असं मला वाटत नाही.

त्या दिवसापासून संमेलनापर्यंत अठरा दिवस होते आणि त्यातल्या एकाही दिवशी मी धड जेवलो नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा हातोडी स्वतःच्या अंगठ्यावर मारली. जिनचा पट्टा फिरायला लागला की तो 'मॅट्रिक, मॅट्रिक' म्हणतो असं ऐकू यायचं (आधी वाटलं पट्टा सैल झालाय, आवळला, तर आणखी भरभर म्हणायला लागला). चांगुणा मला गवती चहाचा काढा देत होती, तो मी मुकाट्यानं पीत होतो, कारण ताप नाही असं सांगितलं तर मग काय आहे ते सांगावं लागलं असतं. आणि चांगुणालासुद्धा मॅट्रिकच माहीत आहे. सोयरीक करताना तिच्या बापाला तसं तुम्ही सांगितलं होतं, हे तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. मी तेव्हा काही खोटं बोललो नव्हतो. मी फक्त नाही म्हणालो नव्हतो.

मी काय काय करून पाहिलं ते सांगायला लाज वाटते, पण तुम्ही घरचे. पेटी लायब्ररीच्या कपाटात होती. मी कपाटाची बिजागरी दुरुस्त करायची आहे असं सांगून आत शिरलो. फटीतून तार घातली, टोकाला डिंक लावून, चिठ्ठी चिकटून वर येईल म्हणून. माझ्याच पत्र्याच्या जिभेनं ती तार अशी धरली की पुढे जाईना, मागे येईना. शेवटी कापावी लागली आणि अर्धी आतच राहिली. म्हणजे आता पेटीत माझ्याविरुद्धच्या दोन गोष्टी झाल्या. कॉलेजचा शिपाई भुजंग दारात उभा होता. तो म्हणाला, "मिस्तरी, सकाळपासून तिसऱ्यांदा बिजागरी बघायलाव. बिजागरीला पोरगं होणार हाय का?" दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, कुलपाला तेल घालायचं आहे, तासाभरासाठी किल्ली द्या. साहेबांनी टेबलाच्या खणातून माझाच कागद काढला. त्यावर मी लिहून दिलं होतं की या कुलपाला वीस वर्षं तेल लागणार नाही, आणि खाली सही. मग मी बोलून पाहिलं की शेलापागोटे हा प्रकारच कॉलेजला शोभत नाही, यंदापासून बंद करावा. साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, गेल्या वर्षी तर पुढच्या रांगेत सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसत होता. ते खरं होतं. गेल्या वर्षी माझ्यावर चिठ्ठी नव्हती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी भुजंग टपाल आणायला गेला तेव्हा मी पुन्हा लायब्ररीत गेलो. कुलपापुढे बसलो आणि नुसता बसून राहिलो. ते मला ओळखत नव्हतं. मागे रुख्मिणी पुस्तक घेऊन बसली होती हे मी पाहिलंच नाही. ती जवळ आली आणि म्हणाली, "काका, तुमाला घाम कामून आलाय?" मी म्हणालो, उकडतंय. ती फेब्रुवारीची पहिली तारीख होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "उघडू का?" मी म्हणालो, ते कुणालाही उघडत नाही, मलाही नाही. तिनं केसातला आकडा काढला, दप्तरातून छत्रीची मोडकी काडी काढली आणि खाली बसली. मी भिंतीवरच्या घड्याळात वेळ मोजली, सवय म्हणून. चार मिनिटं दहा सेकंद. खट्ट झालं आणि झाकण वर आलं. एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. सुटलो असं वाटलं, आणि कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं वाटलं. मी विचारलं कसं काय. ती म्हणाली, "तिसरा खटका तुमी कायम पाव सूत सैल ठेवता. पहिल्या कुलपापासून. पहिले दोन घट्ट बसले की तुमचा जीव भांड्यात पडतो, मग तिसऱ्याला घाई करता." दाजी, हे मला तेहतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीच मला सांगितलं नव्हतं. मी बोट घालून पाहिलं. पाव सूत होतं.

चिठ्ठ्यांच्या ढिगात ती मला लगेच दिसली, चार घड्यांची, कडेला लाल-निळं उमटलेलं. माझा हात पुढे गेला. तेवढ्यात रुख्मिणी उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बघत न्हाई, काका." ती जर बघत राहिली असती तर मी कदाचित काहीतरी सबब सांगून चिठ्ठी उचलली असती. पण दोन वर्षं दर रविवारी मी या पोरांना सांगत आलोय की आतल्या बाजूचा सांधा कुणाला दिसणार नसला तरी तोही घासायचा. आता एक पोरगी माझ्यासाठी भिंतीकडे बघत उभी होती. मी फक्त माझी तार काढून घेतली (साडेसहा इंच निघाली) आणि म्हणालो, लाव. तिनं लावलं. तिला मी सांगितलं की पुढच्या रविवारी तिसरा खटका तू बसवायचा. बाहेर येताना माझे गुडघे असे कापत होते की मला अक्काच्या गुडघ्याची आठवण झाली, म्हणून वर पहिला प्रश्न तो विचारला आहे.

संमेलन शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, कॉलेजच्या मैदानात, मांडवात. पुढे संस्थेचे अध्यक्ष, प्रोफेसर मंडळी, आणि मला आग्रहानं दुसऱ्या रांगेत बसवलेलं. बायकांच्या बाजूला सगुणाबाईशेजारी चांगुणा, नवं लुगडं नेसून. साहेब स्टेजवर पेटी ठेवून तिच्यावर चार वाक्यं बोलले, त्यांनी किल्ली फिरवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुख्मिणीनंही वाजवल्या आणि माझ्याकडे पाहिलं नाही. चंद्रभान ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून वाचायला लागला. अर्थशास्त्राच्या सरांना: मागणी सुट्टीची, पुरवठा फळ्याचा. ग्रंथपालांना: पुस्तक हरवलं तर दंड, ग्रंथपाल हरवले तर कुणाला कळणारही नाही. लोक हसत होते, मी मोजत होतो. माझी तेविसावी निघाली. चंद्रभाननं ती उघडली, घसा साफ केला आणि हसायच्या आवाजात नव्हे, दुसऱ्याच आवाजात वाचली. मला ती पाठ आहे. "आमचे सूर्यभान मिस्तरीकाका. शिक्षण तिसरी. तिसरीत त्यांनी बंद घड्याळ चालू केलं म्हणून शाळेनं त्यांना दार लावलं. त्या शाळेला कुणीतरी कळवा, घड्याळ अजून चालायलंय आणि आता चौदा जणांना चालवायलंय."

मांडव गप्प झाला. ती शांतता किती वेळ होती ते मी मोजलं नाही, आणि यावरून तुम्हाला माझी अवस्था कळावी. मग अध्यक्ष मांडी थोपटून हसले, म्हणाले, तिसरी, वा, काय पण पोरं आहेत. साहेब उठून ध्वनिक्षेपकाशी आले आणि हसत हसत म्हणाले की ही मुलं कुणालाच सोडत नाहीत. आमचे मिस्तरी मॅट्रिक आहेत, हैदराबादचे, एकोणीसशे त्रेचाळीसचे. (साल त्यांना पाठ होतं. माझ्या तपशिलाचा हा परिणाम.) झालं, सगळा मांडव हसायला लागला. शेलापागोट्यात कुणी खरं लिहीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ते लिहिलेलं खरं असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अठरा दिवस मी ज्याला घाबरत होतो ते अख्ख्या गावासमोर मोठ्यानं वाचलं गेलं आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. चंद्रभान माझ्याकडे बघत होता. त्यानं ती थट्टा म्हणून लिहिलीच नव्हती, त्यानं माझा सत्कार केला होता, आणि आता तो सगळ्यांसमोर पांचट विनोद करणारा पोरगा ठरत होता. तो वाट बघत होता की काका उठतील आणि एक शब्द बोलतील. मी काय केलं म्हणाल, तर मी हसलो. दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर हसलो. पुन्हा मी काही खोटं बोललो नाही. मी फक्त नाही म्हणालो नाही.

एकंदरीत संमेलन चांगलं झालं, पेटीचं फार कौतुक झालं, आणि माझ्या भीतीचं कारण आता उरलेलं नाही. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. शेवयाच्या यंत्राला पाणी लागू देऊ नका. कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा.

आपला,
सूर्यभान

ता. क. वर भीतीचं कारण उरलेलं नाही असं लिहिलंय ते खरं नाही. संमेलनानंतरच्या रविवारी चंद्रभान शेडमध्ये आला नाही. आज सकाळी तेरा हजर होते, त्यांना मी कानस खाली ठेवायला सांगितलं आणि म्हणालो की चिठ्ठीत लिहिलेलं खरं आहे, मी तिसरीच आहे. माझा आवाज माझ्याच अंगठ्याशी बोलत होता. रुख्मिणीनं कानस खाली ठेवलीच नव्हती. ती घासता घासता म्हणाली, "आमाला संक्रांतीपासून माहीत हाय. चिठ्ठी आमी सगळ्यांनी मिळून मंगळवारी कॉलेजातच जुळवली, अक्षर तेवढं चंद्रभानचं." मी विचारलं, मग त्या दिवशी मी ती काढून घेतली असती तर? म्हणाली, "दुसरी लिवली असती." मग ती जाऊन चंद्रभानला घेऊन आली. तो दारात उभा राहून दोन वर्षांपूर्वीसारखा स्वतःच्या पायाकडे बघत होता. मी त्याच्या हातात कानस दिली. त्यानं घेतली. तिसरा खटका रुख्मिणीनं बसवला, आता खटक्याच्या फटीत कागदही जात नाही.

ता. क. दुसरा. चौथीपासून मॅट्रिकपर्यंतची पुस्तकं तुमच्या शाळेत जुनी पडली असतील. ती एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्या, वरून पोतं शिवा आणि त्यावर 'हरभरा' लिहा. मी बाहेरून परीक्षेला बसणार आहे. भूमिती मला येते असं चंद्रभान म्हणतो, फक्त तिला भूमिती म्हणतात हे मला माहीत नव्हतं. इंग्रजीला तो आणि रुख्मिणी रविवारी माझा तास घेणार आहेत. रुख्मिणी फार कडक आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठी आहे. संमेलनाहून येताना चांगुणा सगळी वाट माझ्यामागून गप्प चालली. घरी भाकरी वाढताना म्हणाली, "तिसरी म्हंजी आपल्या धाकट्यानं केली ती तिसरी का?" मी म्हणालो, पोरांची थट्टा ती. ती म्हणाली, "हं." हा 'हं' मी एकवीस वर्षं ओळखतो. चौदा पोरांना सांगता आलं, तिला सांगायला माझी जीभ उचलत नाही. तिच्या बापाला मॅट्रिक तुम्ही सांगितलं होतं, तेव्हा ते परत घ्यायलाही तुम्हीच यावं. येत्या रविवारी अक्काला घेऊन सकाळच्या गाडीनं या. तुम्ही सांगत असताना मी शेडमध्ये असेन. या वेळी पळू नका, स्टूल धरून ठेवा.

ता. क. शेवटचा. हे मात्र चांगुणाला सांगू नका, अक्कालाही नको. मंगळवारी साहेबांनी मला बोलावून घेतलं. कॉलेजला कार्यशाळेसाठी माणूस नेमायची परवानगी आली आहे. जागेचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यावर 'कुशल कारागीर, शिक्षणाची अट नाही' असं स्वच्छ टाइप केलेलं होतं, मी चार वेळा वाचलं. साहेब आनंदानं म्हणाले, तुम्ही तर वर मॅट्रिकही आहात, फॉर्मवर तशी नोंद आहे, तेवढ्या दाखल्याची एक नक्कल जोडा म्हणजे कागद पूर्ण होतो. दाखला आणायचा कुठून? मग म्हणालो की मी मोकळा माणूस आहे, रविवारचं काम रविवारीच ठेवतो, बांधून घेणार नाही. साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला आणि तेव्हापासून सगळं कॉलेज माझ्या स्वाभिमानाबद्दल बोलतंय. तिसरी चांगुणा माफ करील, दाजी, आज ना उद्या. हे करणार नाही: जागा कायम, पगार दरमहा दोनशे ऐंशी रुपये, आणि मी नको म्हणालो.